पुनरुत्थानकाळालाही काम द्या : पॅरिश कौन्सिल आणि उपासना समितीस खुले पत्र

आदरणीय फादर, पॅरिश कौन्सिलचे सदस्य, उपासना समिती आणि गायकवृंद यांस,

जय ख्रिस्त.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो, पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २८ मार्चला आणि पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, १६ मे रोजी. यांतल्या पहिल्या दोन तारखांमधले सगळे बहुतेक धर्मग्रामांत आधीच ठरलेले असते: क्रूसाच्या वाटेची पाळी कोणाकडे, पवित्र गुरुवारी पाय कोणाचे धुवायचे, दुःखसहनाच्या वाचनात पिलाताचा आवाज कोण देणार. २८ मार्चपासून पुढचे पान मात्र कोरे असते. हे पत्र त्या पानाबद्दल आहे.

चाळीस दिवस तयारीचे आणि पन्नास दिवस सणाचे, असा हिशेब चर्चच्या कॅलेंडरनेच घालून दिला आहे. १९६९ च्या नियमांनुसार पुनरुत्थान रविवारपासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस एकच सण, एक ‘महारविवार’ म्हणून पाळायचे असतात. म्हणून ४ एप्रिल हा पुनरुत्थानकाळाचा दुसरा रविवार आहे, ईस्टरनंतरचा पहिला नव्हे. टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या काळी या दिवसांत उपवास आणि गुडघे टेकणे दोन्ही वर्ज्य होते. ३२५ च्या निकीया परिषदेने तर विसाव्या नियमात, रविवारी आणि या पन्नास दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी असे ठरवून टाकले.

एवढे असूनही दुसऱ्या रविवारी बाके रिकामी दिसतात. उपवासकाळात, म्हणजे त्या चाळीस दिवसांत, माणसाच्या हाताला काम असते: काहीतरी सोडायचे, काहीतरी बाजूला टाकायचे, शुक्रवारी कुठेतरी पोहोचायचे. पुनरुत्थानकाळात त्याला ‘आनंद करा’ एवढेच सांगितले जाते, आणि मंगळवारी सकाळी कामावर निघताना तो कसा करायचा हे कोणी सांगत नाही. आमची मागणी एवढीच आहे: या पन्नास दिवसांनाही काम द्या, नावानिशी आणि तारखेनिशी. काम शोधायला लांब जायला नको. या काळात रविवारच्या मिस्सेचे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेचे, पहिले वाचन जुन्या कराराऐवजी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून असते, आणि त्या पुस्तकात माणसे सतत काहीतरी करत असतात.

आधी थकव्याचे बोलू, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. पवित्र सप्ताह गायकवृंदाचा घाम काढतो. मग दुसऱ्या रविवारी अर्धे गायक गैरहजर असतात आणि उरलेले नेहमीची चार गीते उरकतात. यावर उपाय एकच: उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच गायकांचे दोन गट करा आणि एका गटाला पास्का जागरणाच्या, म्हणजे पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्रीच्या उपासनेच्या, मुख्य भारातून मोकळे ठेवा; ४ व ११ एप्रिल त्यांच्याकडे. सात आठवडे नवी गीते बसवत राहू नका. एक आलेलुया, एक प्रवेशगीत, पाणी शिंपडतानाचे एक गीत, एवढी तीन जागरणाच्या रात्रीपासून पेन्टेकॉस्टपर्यंत दर रविवारी म्हणा. तिसऱ्या आठवड्यापासून लोक पुस्तक न उघडता गाऊ लागतात, आणि गायकांनाही श्वास मिळतो. फुलांचेही तसेच. सगळा पैसा शनिवारी कापलेल्या फुलांवर घातला की पुढच्या रविवारी वेदीभोवती माना टाकलेले देठ उरतात. एक तृतीयांश रक्कम त्या रात्रीसाठी, बाकीची कुंडीतल्या फुलझाडांसाठी ठेवा. कुंड्यांना पाणी घालणाऱ्याचे नाव मात्र लिहून ठेवा, नाहीतर त्याही वाळतात.

पास्का मेणबत्ती, म्हणजे जागरणाच्या रात्री पेटवली जाणारी मोठी मेणबत्ती, हा या काळाचा सर्वांत ठळक खुणेचा खांब, आणि सर्वांत दुर्लक्षितही. ती मेणाची असावी, दरवर्षी नवी असावी, एकच असावी आणि डोळ्यांत भरेल एवढी मोठी असावी, असे १९८८ च्या व्हॅटिकनच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. आत तेलाची नळी असलेल्या प्लॅस्टिकच्या मेणबत्त्या त्यात बसत नाहीत. क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा, चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे आणि धुपाचे पाच दाणे, हे सगळे लोकांना दिसायला हवे. म्हणजे ती फुलांच्या मागे नको. वाचनपीठाजवळ किंवा वेदीजवळ, मोकळी उभी हवी. पन्नास दिवस ती उपासनेच्या वेळी पेटलेली असते, म्हणून तिची निगा राखावी लागते. पहिल्यांदा ती थोडाच वेळ जाळली तर वातीभोवती खड्डा पडतो आणि पुढे वात स्वतःच्याच मेणात बुडून विझते. जाडी जितके इंच, साधारण तितके तास पहिल्यांदा जळू द्यावी, म्हणजे वितळलेले मेण कडेपर्यंत पोहोचते. पेटवण्याआधी दर वेळी वात कापून पाच-सहा मिलिमीटर ठेवावी. लांब वात काजळी धरते. पंख्याचा झोत किंवा खिडकीचा वारा एका बाजूने लागला की ती बाजू ढासळते आणि ओघळ थेट आकड्यांवरून उतरतो. विझवल्यावर कड कोमट असतानाच बोटांनी आत दाबून घेतली की पुढच्या वेळी ओघळ येत नाही. हे काम सॅक्रिस्टनने, म्हणजे उपासनेच्या साहित्याची निगा राखणाऱ्याने, एखाद्या तरुणाला हाताला धरून शिकवावे. दहा मिनिटांत येते.

पाण्याचेही असेच. रविवारी मिस्सेच्या सुरुवातीच्या पश्चात्तापविधीऐवजी पाणी शिंपडण्याचा विधी घेता येतो आणि पुनरुत्थानकाळात तो विशेष शोभतो, कारण जागरणात लोकांनी नुकतीच स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वचने पुन्हा उच्चारलेली असतात. तरीही तो बहुधा टाळला जातो, किंवा पुढच्या चार बाकांवर चार थेंब उडवून संपतो. धातूची कुपी लवकर रिकामी होते. बारीक पानांची ताजी डहाळी आणि दोन-तीन लिटर पाण्याची उघडी बादली घ्या, बादली धरायला एक मदतनीस द्या. मधल्या वाटेने मागे जायचे आणि दोन्ही भिंतींकडच्या वाटांनी परत यायचे. नाहीतर कडेला बसलेले कोरडेच राहतात, आणि कडेला बसणारे बहुधा तेच असतात ज्यांना आपण आत ओढू पाहतो. गीत एवढे लांब हवे की फादर वेदीपर्यंत पोहोचेस्तोवर पुरेल. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो, म्हणून मधली वाट पुसायला कोणीतरी हवे. आणि कीबोर्डच्या दिशेने जरा बेताने.

आता नव्याने स्नानसंस्कार झालेल्या प्रौढांबद्दल, कारण आमच्या मते सगळ्यांत मोठी गळती इथेच होते. वर्षभर त्यांना दर आठवड्याला धर्मशिक्षण मिळते, जागरणाच्या रात्री सगळे टाळ्या वाजवतात, आणि सोमवारपासून फोन बंद. प्राचीन चर्च याच्या उलट वागत असे. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये स्नानसंस्कार, तैलाभ्यंग आणि ख्रिस्तप्रसाद यांचा अर्थ संस्कार झाल्यानंतरच्या आठवड्यात उलगडून सांगितला जाई. संत सिरिल यांच्या नावावरची अशी प्रवचने आजही उपलब्ध आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस तिथे आलेली यात्रेकरू एगेरिया लिहून ठेवते की ती शिकवण ऐकताना श्रोत्यांचा जयघोष चर्चच्या बाहेर ऐकू येई. आधी अनुभव आणि मग अर्थ, असा तो क्रम होता.

हे आज कसे करायचे? पहिली बैठक अष्टकातच (पुनरुत्थान रविवारपासूनच्या आठ दिवसांत), म्हणजे १ किंवा २ एप्रिलला घ्या. एक तास पुरे. खुर्च्या गोल मांडा, प्रत्येकाला जागरणात मिळालेली मेणबत्ती आणायला सांगा. तीनच प्रश्न: त्या रात्री काय पाहिले, काय ऐकले, काय कळले नाही? तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. कोणी विचारते, आगीपाशी एवढा वेळ का थांबलो. कोणी विचारते, डोक्याला लावलेल्या तेलाचा वास अजून येतो, ते कशाचे असते. उत्तर देताना त्या क्षणाचा विधी किंवा शास्त्रपाठ वाचा आणि मग समजावून सांगा. बैठक फसते ती बहुधा शिक्षकामुळे: त्याला वर्षभरात राहिलेला अभ्यासक्रम आठवतो आणि तो फळ्याकडे वळतो. मग दर आठवड्याला एक, अशा सहा बैठका. शेवटची स्वर्गारोहणानंतर, पेन्टेकॉस्टपूर्वी पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करण्याच्या नऊ दिवसांत.

धर्ममाता-धर्मपित्यांची जबाबदारी लेखी द्यावी. १६ मेपर्यंत दर रविवारी नवदीक्षिताच्या शेजारी बसायचे. दर आठवड्याला दोन कुटुंबांशी नावाने ओळख करून द्यायची. एकदा तरी घरी जेवायला बोलवायचे. केवळ प्रतिष्ठेसाठी निवडलेली व्यक्ती यांतले काहीच करत नाही, तेव्हा निवडतानाच विचारून घ्या. २५ एप्रिलच्या रविवारी याला जोडून वाचनही आयते आहे. शौल, म्हणजे पुढचा संत पौल, जेरुसलेमला येतो, शिष्य त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नसतात, सगळे त्याला भितात. तेव्हा बर्णबा त्याला धरून प्रेषितांकडे नेतो आणि त्याच्या वतीने बोलतो. प्रत्येक नवीन माणसामागे एक बर्णबा लागतो, आणि तो आपोआप उगवत नाही, नेमावा लागतो.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. नवदीक्षिताला पहिल्याच महिन्यात कुठल्याही समितीवर घेऊ नका. उत्साहाच्या भरात तो हो म्हणतो आणि बैठकांतले वाद पाहून विटतो. आधी हाताने करायचे साधे काम द्या. दुसरे, ज्याच्या घरचे ख्रिस्ती नाहीत त्याचा फोटो किंवा नाव त्याची परवानगी घेतल्याशिवाय कुठेही टाकू नका. घरी काय, केव्हा आणि कसे सांगायचे हे त्याने ठरवायचे आहे. त्याला घरापासून तोडणारी मंडळी साक्षीच्या नावाखाली त्याच्यावर अन्यायच करते. यंदा एकही प्रौढ नवदीक्षित नसेल तर हेच सगळे पुष्कळ वर्षांनी चर्चमध्ये परतलेल्यांसाठी करा. तेही तितकेच एकटे असतात.

घरी अंथरुणाला खिळलेल्यांकडे वळू. पुनरुत्थानकाळात वर्षातून एकदा तरी ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. जो येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत तो नेणे हे उरलेल्यांचे काम. फादर एकटे सगळ्या घरी पोहोचू शकत नाहीत. ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्या सेवकांची फळी लागते. यादी उपवासकाळातच फोन करून ताजी करा, कारण जुन्या यादीत कोणी रुग्णालयात असते, कोणी मुलाकडे राहायला गेलेले असते, आणि कोणी वारलेलेही असते. एका सेवकाकडे चारपेक्षा जास्त घरे नकोत, प्रत्येक घरी वीस मिनिटे धरा. सेवकाने मिस्सेतून थेट निघावे. ख्रिस्तप्रसादाची पवित्र डबी गळ्यात असावी; खिशात किंवा गाडीच्या सीटवर नव्हे.

घरी लहान टेबल, पांढरे कापड, मेणबत्ती. मात्र खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर ज्योत अजिबात पेटवू नका. गिळता येते का, हे आधी सांभाळणाऱ्याला विचारा, रुग्णासमोर मोठ्याने नको. त्रास होत असेल तर लहानसा तुकडा आणि मागोमाग चमचाभर पाणी पुरते. तेही जमत नसेल तर जबरदस्ती न करता फादरांना कळवा. आजाऱ्याला आणि त्याला सांभाळणाऱ्याला ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपास बंधनकारक नाही, तेव्हा औषध घेतले म्हणून कोणी मागे राहू नये. स्मृती हरवलेल्या माणसाला लांब वाचन पेलत नाही, पण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सावकाश सुरू केले की ओठ हलू लागतात. तिथेच थांबा, पुढची ओळ त्यांना म्हणू द्या.

आणि त्या घरात दुसराही एक माणूस असतो, तो आपल्याला दिसत नाही: रात्रंदिवस सांभाळणारी मुलगी, सून किंवा नवरा. तीही महिनोन्महिने मिस्सेला आलेली नसते. तिलाही ख्रिस्तप्रसाद द्या. त्याहून बरे म्हणजे दर रविवारी कोणीतरी दीड तास त्या घरी बसेल अशी पाळी लावा, म्हणजे तिला स्वतः येता येईल. पुनरुत्थानकाळात करण्यासारखे यापेक्षा ठोस काम आम्हाला सुचत नाही.

उपवासकाळात साठलेल्या दानाचा हिशेब ४ एप्रिललाच द्यावा. त्या दिवशीचे पहिले वाचन प्रेषितांची कृत्ये ४:३२-३५ आहे: विश्वासणारे एकचित्त होते, कोणी काही स्वतःचे म्हणत नसे, पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले जात आणि गरजेप्रमाणे वाटले जात. किती जमले, कशावर खर्च झाले, किती उरले. मदत घेणाऱ्यांची नावे नकोत. उरलेली रक्कम पेन्टेकॉस्टपूर्वी पोहोचली पाहिजे. वाटपात तक्रार आली तर त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती खोटी ठरवली नाही. सात जण निवडले गेले, आणि स्तेफन, फिलिप, निकानोर अशी त्या सातांची नावे ग्रीकच आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप. आपल्या मदत समितीत मदत घेणाऱ्यांपैकी एक जण आहे का?

मदतीबरोबर पत्रक, प्रार्थनेचे आमंत्रण किंवा फोटो नको. ज्याला धान्याची गरज आहे तो पत्रकाला नाही म्हणू शकत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे साक्ष उरत नाही, देवाणघेवाण उरते. याच कारणाने सगळ्या ग्रुपवर पाठवलेले ‘तो उठला आहे’ लिहिलेले रंगीत चित्रही काही सांगत नाही. पेत्राचे पहिले पत्र (३:१५) म्हणते, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी कोणीतरी विचारले पाहिजे, आणि विचारावेसे वाटेल असे काही आपल्या वागण्यात दिसले पाहिजे. उत्तर तीन वाक्यांत देता यायला हवे: माझा कशावर विश्वास आहे, त्याने माझ्या जगण्यात काय बदलले, तुम्हाला आणखी ऐकायचे आहे का. धर्मशिक्षणाच्या एखाद्या बैठकीत जोड्या करून याचा सराव घ्या. पहिल्यांदा सगळे दहा मिनिटे बोलतात, आणि पुष्कळांना आपल्या जुन्या पापांचे वर्णनच जास्त रंगवून सांगावेसे वाटते.

ऐकणे कसे असते ते लूकच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अम्माऊसच्या वाटेचा तो उतारा अष्टकातल्या बुधवारी, म्हणजे ३१ मार्चला वाचला जाईल. येशू त्या दोघांना गाठतो आणि आधी विचारतो: चालता चालता कशाबद्दल बोलता आहात? ते सांगू लागतात तेव्हा पुन्हा विचारतो: कोणत्या गोष्टी? ‘आम्हाला आशा होती’ हे त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत तो शास्त्र उघडत नाही. गेल्या ईस्टरपासून ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे त्यांना भेटायला जाणाऱ्यांनी हा उतारा वाचूनच निघावे. सगळीकडे आलेलुया चाललेला असताना अशा घरांना हा काळ फार जड जातो. ‘देवाला त्यांची गरज होती’, ‘आता रडू नका, तो उठला आहे’ ही वाक्ये बाहेरच ठेवावीत. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्याबद्दल विचारावे आणि गप्प बसता यावे. भेटायला दोघांनी जावे, अर्धा तास पुरे. मिस्सेतल्या विनंत्यांत त्या वर्षी गेलेल्यांची नावे ११ एप्रिलला वाचता येतील; वाचणाऱ्याने उच्चार आधी विचारून घ्यावेत.

कॅलेंडरमधली एक बारीक अडचण: २५ मार्चचा, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सण २०२७ मध्ये पवित्र गुरुवारीच येतो, म्हणून तो ५ एप्रिलला सरकतो. स्वर्गारोहण ६ मे, गुरुवारी. जिथे ते रविवारी पाळतात तिथे ९ मे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शेवटच्या उपासनेनंतर पास्का मेणबत्ती स्नानसंस्काराच्या जागी न्यायची. तिथून ती बाळांच्या स्नानसंस्काराला पेटते आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ उभी राहते; एरवी नाही.

या सगळ्यासाठी जानेवारीत एक स्वतंत्र बैठक हवी. ती राखेच्या बुधवारनंतर ठेवली तर सगळे क्रूसाच्या वाटेत गुंतलेले असतात आणि विषय पुन्हा पुढच्या वर्षावर जातो. मेणबत्ती, पाणी, फुले आणि गायकांचे गट उपासना समितीने ठरवावेत, दानाचा हिशेब अर्थ समितीने. आजारी आणि शोकग्रस्त घरांची यादी, त्यांना करायचे फोन, मार्गांची आखणी आणि सांभाळणाऱ्यांच्या जागी बसायची पाळी हे काम आम्ही घ्यायला तयार आहोत. फादरांनी फक्त ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्या सेवकांची नावे जानेवारीअखेर कळवावीत.

आपले,
धर्मशिक्षण आणि आजारी-भेटीचे काम करणारे काही प्रापंचिक